घरातील हस्तक्षेप

सोंडेचं वळण एकदाचं मनासारखं साधलं, तेव्हा भालचंद्र साळवींना आठवलं की आज रक्त तपासायचं राहिलंय. पेणमध्ये त्यांना सगळे अण्णाच म्हणत. ते पाटावरून उठले, कोपऱ्यातल्या हौदात हात घोळले, कमरेच्या पंच्याला पुसले आणि फळीवरची पेटी खाली काढली. पेटीनं पडद्यावर रोजचा प्रश्न विचारला, हात स्वच्छ धुतले का? अण्णांनी ‘हो’ दाबलं, बोटाला सुई टोचली आणि थेंब पट्टीवर ठेवला.

पेटी बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात बोलायची. ती म्हणाली, “रक्त अपेक्षेपेक्षा लवकर गोठत आहे. संभाव्य कारणे: गोळी चुकणे, पालेभाज्यांचे अतिसेवन, इतर औषध. घरातील व्यक्तीचा हस्तक्षेप: शक्यता मध्यम.”

अण्णांनी बटण दाबून ते पुन्हा ऐकलं. मग कारखान्याच्या दारातून मागच्या घराकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत त्यांची सून रेवती कसलीतरी जुडी निवडत उभी होती. मेथी होती की माठ, एवढ्या लांबून दिसलं नाही. पण अण्णांच्या मनात पाल चुकचुकायची ती चुकचुकलीच.

आता ही पेटी कसली, ते सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी अण्णांच्या हृदयातली एक झडप निकामी झाली आणि डॉक्टरांनी तिच्या जागी धातूची बसवली. झडप नामी होती, पण धातूला एक खोड असते, ती रक्ताला आवडत नाही. रक्ताचा स्वभावच मोठा संशयी. आपल्या नळ्यांच्या अस्तराशी त्याची ओळख असते, म्हणून तिथे ते जन्मभर मुकाट वाहतं. अनोळखी काही लागलं, काच म्हणा, धातू म्हणा, माती म्हणा, की त्यातली प्रथिनं खडबडून उठतात. एक दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटी बारीक धाग्यांची जाळी विणून रक्ताची गुठळी होते. सगळ्याच वस्तूंना ते सारखं बिचकत नाही, हेही खरं. काचेला लागलं की चटकन गोठतं, मेणाला किंवा प्लास्टिकला लागलं तर बराच वेळ रेंगाळतं. धातूच्या झडपेवर अशी गुठळी धरली आणि सुटून मेंदूत गेली, की माणूस एका बाजूनं लुळा पडतो. मूर्तिकाराचा उजवा हात लुळा पडला तर मग उरलं काय?

म्हणून गोळी. गोठवणारी ही प्रथिनं यकृत बनवतं ते के जीवनसत्त्वाच्या मदतीनं, आणि गोळी त्या मदतीत खोडा घालते. पालेभाजीत हेच जीवनसत्त्व भरपूर असतं, तेव्हा ती फार खाल्ली की गोळी फिकी पडते. गोळी कमी झाली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. हा काटा रोज सांभाळायचा म्हणून ‘धारा’ नावाची ही पेटी निघाली. रोज एक थेंब द्यायचा. तो किती वेळात गोठतो ते पेटी मोजते, त्यावरून मात्रा ठरवते आणि आपल्या कुलूपबंद पोटातून तेवढ्याच गोळ्या बाहेर टाकते. मात्रा वाढवायची झाली तर मुंबईतल्या केंद्रावरच्या डॉक्टरची संमती लागते, ती पडद्यावर हिरव्या खुणेनं येते. ती खूण माणूस करतो की तिथेही अशीच एखादी पेटी बसलीय, हे अण्णांना कधी कळलं नाही.

आणखी एक गोष्ट होती. मध्यंतरी कुठल्याशा शहरात म्हाताऱ्यांना घरच्यांनीच भलतीसलती औषधं चारल्याची प्रकरणं निघाली. तेव्हापासून कंपनीनं पेटीला रक्ताबरोबर माणसांचाही संशय घ्यायला शिकवलं.

तीन वर्षं पेटी रेवतीच्या हातात होती. ती शिकलेली फार्मसिस्ट, बाजारात औषधाच्या दुकानात बसायची. सकाळी अण्णांची आंघोळ झाली की ती त्यांना खिडकीशी बसवायची, स्पिरिटच्या बोळ्यानं बोट पुसायची आणि सुई अशी टोचायची की कळूही नये. पेटीनंही त्या काळात कधी वाकडा शब्द काढला नव्हता. सासरा-सुनेचं तसं गूळपीठच होतं. कोरणी लागून अण्णांचं बोट कापलं की ते साळव्यांच्या पिढीजात औषधावर भिस्त ठेवायचे, म्हणजे चिमूटभर कोरडा शाडू जखमेवर दाबायचा. रक्त थांबायचंही. पण रेवतीनं पाहिलं की ती चिडायची. धनुर्वात झाला म्हणजे कळेल, मातीनं जखमा भरत नाहीत, असं बडबडत पट्टी बांधायची. अण्णांना ती बडबड गोड लागायची.

बिनसलं ते छपाईयंत्रावरून. अण्णांच्या मुलानं, सर्वेशनं, असं एक यंत्र पाहून ठेवलं होतं की जे ओला शाडू थरावर थर घालत आपोआप मूर्ती उभी करतं. रेवतीनं त्याला दुजोरा दिला. अण्णा जेवणाच्या ताटावरच भडकले. देव काय जिलबीसारखा पाडायचा असतो का, असं त्यांनी विचारलं. त्यावर रेवती शांतपणे म्हणाली होती, “अण्णा, तुमच्यानंतर हे हात आम्ही कुठून आणायचे?”

आता यात वाईट काय होतं? पण अण्णांनी त्यातलं ‘तुमच्यानंतर’ तेवढं उचललं. बाकीचं वाक्य ताटातच राहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटी उचलून कारखान्यात नेली आणि आजपासून माझं रक्त मीच तपासेन म्हणून सांगितलं. आषाढ लागला होता, कामाची घाई होती, म्हणून कुणी अडवलं नाही. आणि लगेच दोन-चार दिवसांत पेटी ते बोलली.

मग अण्णांनी डोळ्यांत तेल घालून पहारा सुरू केला. ताटात हिरवं काही दिसलं की ते बाजूला सारायचे. आमटीत कोथिंबीर का घातली म्हणून त्यांनी बायकोला, वैजयंतीला, खोदून खोदून विचारलं. ताक रेवतीनं घुसळलं असेल तर ते जास्वंदीच्या मुळाशी ओतायचे. रेवतीच्या दुकानात के जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळतात का, याची त्यांनी एका ओळखीच्या गिऱ्हाइकाकडून गुपचूप चौकशी केली. मिळतात, असं उत्तर आलं. कुठल्याही औषधाच्या दुकानात त्या मिळतात, हे त्या माणसानं सांगितलं होतं, पण ते अण्णांनी ऐकल्यासारखं केलं नाही.

पेटीचं म्हणणं रोज तेच. रक्त दाट, मात्रा वाढवली, हस्तक्षेपाची शक्यता मध्यम. अण्णा पोटातून निघालेल्या गोळ्या तळहातावर घेऊन बघत राहायचे. आधी एक असायची, मग दीड झाली, मग दोन. माणसं आपल्याला मारायला निघालीत आणि यंत्र वाचवायला धडपडतंय, असं त्यांना वाटू लागलं. त्यांनी पेटीवर एक स्वच्छ फडकं घालायला सुरुवात केली.

श्रावणाच्या तोंडावर मुरूडला त्यांच्या बहिणीकडे, शकूताईकडे, नातवाचं बारसं निघालं. एरवी ऐन हंगामात अण्णा कारखाना सोडून हलले नसते. या वेळी मात्र ते आपणहून निघाले, एकटेच, पेटी पिशवीत घालून. मनात एक बेत होता आणि तो त्यांनी बायकोलाही सांगितला नव्हता.

मुरूडला पहिल्याच सकाळी आंघोळ करून, ओसरीवर बसून त्यांनी बोट टोचलं. पेटी म्हणाली, रक्त बरंच पातळ आहे, आज गोळी घेऊ नये. दुसऱ्या दिवशीही तेच. शकूताईनं त्यांना अळूचं फदफदं वाढलं, पोटभर वाढलं, तरी रक्त पातळच. तिसऱ्या दिवशी पेटीनं सगळा हिशोब जुळवून आपल्या गोड आवाजात सांगितलं, “मुक्काम बदलल्यावर सुधारणा. मूळ घरातील व्यक्तीचा हस्तक्षेप: शक्यता जास्त.”

अण्णा समुद्राकडे तोंड करून बसले. त्यांना राग यायला हवा होता, पण रडूच आलं. ज्या पोरीला आपण लेकीसारखं वागवलं ती आपल्या ताटात कालवते, हे आता यंत्रानं सिद्ध केलं होतं. यंत्राला ना सून ना मुलगा. ते कशाला खोटं बोलेल?

पेणला परतल्यावर खातरजमा म्हणून त्यांनी आणखी चार दिवस वाट पाहिली. कारखान्यात बसून रोज बोट टोचलं. रक्त पुन्हा दाट. पाचव्या दिवशी दुपारी, सगळे जेवायला बसले असताना, त्यांनी पेटी पानाशेजारी आणून ठेवली आणि मुरूडची वाक्यं सगळ्यांना ऐकवली.

सर्वेश ताडकन उठला. वैजयंतीच्या हातातली पळी तशीच राहिली. ती नवऱ्याला म्हणाली, की अहो, शुद्धीवर आहात ना. अण्णांनी तिला हातानं गप्प केलं आणि रेवतीकडे पाहत विचारलं, की काय घालतेस ते सांग, म्हणजे निदान डॉक्टरला तरी सांगता येईल.

रेवतीनं हातातला घास परत पानात ठेवला. तिचा आवाज चढला नाही.

“अण्णा, पेटी माझ्या हातात होती तेव्हा कधी असं बोलली होती का?”

“नाही बोलली,” अण्णा म्हणाले, “कारण तेव्हा ती तुझ्या हातात होती.”

संशयाला एकदा असं उत्तर सापडलं की त्याला दुसरं काही लागत नाही. रेवतीनं ताट उचललं, घासून पालथं घातलं आणि बॅग भरली. नागोठण्याला तिचं माहेर. सर्वेश तिच्याबरोबर गेला. जाताना त्यानं वडिलांना नमस्कार केला नाही, आईला केला. पेटीच्या पडद्यावर प्रश्न उमटला होता: संबंधित यंत्रणेला कळवायचे का? अण्णांनी ‘नंतर’ दाबलं आणि स्वतःच्या मोठेपणाचं त्यांना जरा बरं वाटलं.

दुसऱ्या सकाळी ते जवळजवळ हलक्या मनानं कारखान्यात शिरले. घाण निघून गेली होती, आता रक्त ठिकाणावर येणार. त्यांनी एका मूर्तीचे कान बसवले, हौदात हात घोळले, पुसले, बोट टोचलं.

रक्त दाट होतं.

आधीचं अंगात मुरलेलं असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण चार दिवस गेले, आठवडा होत आला, तरी पेटीचा सूर बदलेना. मात्रा मात्र वाढत होती आणि हिरवी खूण रोज येत होती. मग पेटीनं त्यांना घरात सध्या राहणाऱ्या माणसांची नावं अद्ययावत करायला सांगितली. अण्णांनी सर्वेशचं नाव काढलं, रेवतीचं काढलं. पडद्यावर एकच नाव उरलं आणि त्याच्यापुढे पेटीनं आपला शेरा लिहिला. वैजयंती साळवी: शक्यता जास्त.

अण्णा हसले. हा काय वेडेपणा, असं मोठ्यानं म्हणाले. पस्तीस वर्षांचा संसार. झडप बसवली तेव्हा हीच बाई इस्पितळाच्या बाकावर बसून होती. पण त्या दुपारी तिनं पान वाढलं तेव्हा त्यांचा हात भातावरच थबकला, आणि ते तिला दिसलं.

आता बारीकसारीक आठवू लागलं. हिलाही ते छपाईयंत्र बघायला जायचं होतं. सुनेला घालवल्यापासून ही आपल्याशी नीट बोलत नव्हती. रोज दुपारी फोनवर कुणाशी कुजबुजते, तर नागोठण्याशीच. दोघींनी मिळून केलं असेल. आधी तिनं, आता हिनं. संशयाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की उतरायचं नाव घेत नाही. अण्णांनी कारखान्यात शेगडी मांडली आणि स्वतःपुरती खिचडी शिजवायला सुरुवात केली. डाळ-तांदूळ स्वतः आणले. पाण्याचा हंडासुद्धा स्वतः भरून झाकून ठेवला.

पहिल्या दिवशी वैजयंती दारात येऊन उभी राहिली. शेगडी पाहिली, हंडा पाहिला. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

“माझ्या हातचं पाणीसुद्धा नको?” एवढंच तिनं विचारलं.

अण्णांनी मान वर केली नाही. ती गेली, आणि त्या दिवसापासून घरात चूल एकटीसाठी पेटू लागली. खरं तर ती पेटतच नव्हती. वैजयंती सकाळची भाकरी रात्री खात होती, हे शेजारणीला माहीत होतं, अण्णांना नव्हतं.

आणि तरीही रक्त दाट. स्वतः शिजवलेलं खाऊन, स्वतः भरलेलं पाणी पिऊन दाट. याच सुमारास दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. दंडावर, मांडीवर, कुठे काही लागलेलं नसताना निळेजांभळे डाग उमटले. अण्णांनी त्याचाही अर्थ लावला. विष अंगात भिनलं की असंच होत असणार. हवेतून देतात की काय, अंथरुणाला काही लावतात की काय? त्यांनी अंथरूण कारखान्यात आणलं. रंगवायच्या बाकी असलेल्या सगळ्या मूर्ती प्लास्टिकच्या चादरींखाली ओल्या बसल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये हा माणूस फडक्यात गुंडाळलेली पेटी उशाशी घेऊन निजत होता.

त्या सकाळी पेटीनं सरळच विचारलं, की स्थिती गंभीर आहे, वैजयंती साळवी यांच्याबाबत यंत्रणेला कळवायचे का. ‘हो’चं बटण लाल होतं. अण्णांचं बोट त्याच्यावर जाऊन थांबलं. त्यांना तिचा दारातला चेहरा आठवला. मग मांडीवरचे डाग आठवले. हातातल्या मूर्तीचं जानवं पुरं करावं आणि मग काय ते ठरवावं, म्हणून त्यांनी कोरणी उचलली. लक्ष मात्र त्या लाल बटणाकडेच होतं. कोरणी शाडूवरून निसटली आणि डाव्या तळहातात खोल घुसली.

हाताला जन्माची सवय. विचार करायच्या आत अण्णांनी शेजारच्या टोपल्यातला मूठभर कोरडा शाडू जखमेवर दाबला होता. रक्त मातीत मुरलं, माती लाल झाली. पण या वेळी बोटांच्या फटीतून धार चालूच राहिली, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली आणि पायाशी पसरलेल्या प्लास्टिकच्या चादरीवर टपटपत राहिली. अण्णा मूठ आवळून बसले. आता थांबेल, मग थांबेल. त्यांचं रक्त तर दाट होतं, पेटी दीड महिना सांगत होती. दाट रक्त थांबायला कितीसा वेळ लागणार?

थांबलं नाही. चादरीवर थारोळं झालं. अण्णांनी त्याला बोट लावलं. ते पाण्यासारखं पसरलं, जागच्या जागी हललं, त्यात कसला म्हणून घट्टपणा नव्हता. त्यांनी मूठ थोडी उघडून पाहिली. तिथे, शाडूत, तेच रक्त विरजलेल्या दह्यासारखं धरलं होतं.

रक्त त्यांचंच होतं. प्लास्टिकवर वाहत होतं आणि मातीत गोठत होतं.

अण्णांनी उजव्या हाताकडे पाहिलं. रोज ज्याला सुई टोचायची ते बोट. नखाच्या कडेला, पेराच्या रेघारेघांत शाडू बसलेला होता, राखाडी-पांढरा, रोजच्या कामानं मुरलेला. मग त्यांनी कोपऱ्यातल्या हौदाकडे पाहिलं. साळव्यांच्या घरचा नेम असा, की माती एकदा भिजवली की शेवटच्या मूर्तीचे डोळे आखून होईपर्यंत कारखान्यात साबण आणायचा नाही. देवाची माती गटारात जाऊ द्यायची नाही. हात धुवायचे ते माती भिजते त्याच हौदात, म्हणजे ते पाणी पुन्हा मातीतच जातं. पेटी रोज विचारायची, हात स्वच्छ धुतले का. अण्णा रोज ‘हो’ म्हणायचे, आणि त्यात रतीभर खोटं नव्हतं.

मुरूडला हौद नव्हता. रेवतीच्या खिडकीशी बसायचे तेव्हा आंघोळ झालेली असायची आणि ती वर स्पिरिटनं बोट पुसायची. चिमूटभर शाडूनं रक्त थांबतं, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. तोच शाडू रोज त्या थेंबात जात होता आणि पेटीला फसवत होता, पेटी त्यांना फसवत होती, आणि त्यांनी घरातली माणसं एक एक करून बाहेर काढली होती. रक्त दीड महिना पातळच होत चाललं होतं. हिरड्या तेच सांगत होत्या, डाग तेच सांगत होते.

“वैजू,” अण्णांनी हाक मारली. त्यांनी पुन्हा हाक मारली.

ती धावत आली. माझ्या हातचं पाणी नको का, असं तिनं विचारलं नाही. पदर फाडून तळहात आवळला, रिक्षा बोलावली आणि सगळ्या वाटेवर तो हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट दाबून धरला. अण्णा तिला काही सांगायला बघत होते. नंतर सांगा, ती म्हणाली, आधी जगा.

इस्पितळातल्या डॉक्टर तांडेल या तरुण बाईंनी शिरेतून रक्त घेतलं आणि आकडा बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आणखी दोन दिवस त्याच मात्रेच्या गोळ्या गेल्या असत्या तर मेंदूतच रक्तस्राव झाला असता, असं त्या म्हणाल्या. अण्णांनी त्यांना शाडूची गोष्ट सांगितली. तांडेलबाई पहिल्यांदा हसल्या, मग हसायच्या थांबल्या. त्यांनी सांगितलं, की रक्त गोठण्याची एक जुनी तपासणी असते, तिच्यात रक्त मुद्दाम जागं करायला एक बारीक पांढरी मातीच घालतात. मातीच्या कणांच्या पृष्ठभागावर रक्ताची साखळी तत्काळ सुरू होते. तुम्ही घरबसल्या रोज तीच तपासणी करत होतात. पेटी बनवणाऱ्यांनी तेल, हळद, मेंदी, शाई सगळं घालून पाहिलं असेल, पण शाडूनं माखलेलं बोट काही त्यांच्या प्रयोगशाळेत आलं नसेल.

मग त्यांनी एक इंजेक्शन भरायला सांगितलं. अण्णांनी विचारलं, हे कसलं?

“के जीवनसत्त्व,” तांडेलबाई म्हणाल्या. “हाच उतारा आहे याच्यावर.”

अण्णांनी डोळे मिटून घेतले. जे सुनेनं ताटात कालवलं म्हणून तिला घराबाहेर काढलं, तेच आता शिरेतून आत चाललं होतं, आणि त्यानंच जीव वाचणार होता. वैजयंती उशाशी उभी होती. त्यांना तिच्याकडे बघायची लाज वाटली.

सर्वेश इस्पितळात येऊन गेला. कामापुरतं बोलला. रेवती आली नाही. आणि तिनं का यावं?

गणपती बसायला थोडे दिवस उरले असताना, हात बरा झाल्यावर, अण्णा एसटीनं नागोठण्याला गेले. पेटी पिशवीत होती. व्याह्यांनी या म्हटलं, बसा म्हटलं, पाणी दिलं आणि काहीतरी निमित्त काढून आत निघून गेले. रेवती समोर येऊन उभी राहिली. थोडी वाळली होती.

वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं अण्णा विसरले. चुकलो, असं ते म्हणाले, पण ते इतकं पुटपुटत की त्यांना स्वतःलाच पुरेसं वाटलं नाही. मग त्यांनी विचारलं, “साबण आहे का गं?”

रेवतीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. शेवटच्या मूर्तीचे डोळे अजून आखायचे असणार, हे तिला माहीत होतं. नेमही माहीत होता. ती मोरीत गेली, तांब्या भरला आणि साबण पुढे केला. अण्णांनी हात चोळले, नखं चोळली, पेरांतल्या रेघा चोळल्या. शाडू निघत होता, पांढरं पाणी मोरीतून वाहून जात होतं आणि अण्णा ते बघत होते. साळव्यांच्या घरात हे आजवर कुणी केलं नव्हतं. रेवती तांब्या तिरपा करून पाणी घालत राहिली.

मग खिडकीशी बसवून तिनं स्पिरिटच्या बोळ्यानं त्यांचं बोट पुसलं. सुई टोचली ती त्यांना कळलीही नाही. थेंब पट्टीवर गेला. दोघंही पडद्याकडे बघत राहिले.

पेटी म्हणाली, “रक्त योग्य प्रमाणात पातळ आहे. मुक्काम बदलल्यावर सुधारणा. मूळ घरातील व्यक्तीचा हस्तक्षेप: शक्यता जास्त.”

रेवतीचा हात बोळ्यासकट थांबला. अण्णांनी पेटी आपल्याकडे ओढली आणि घरातल्या माणसांची यादी उघडली. अजून तिथे वैजयंतीचं एकच नाव होतं. त्यांनी ते काढलं आणि त्याच्या जागी, एकेक अक्षर दाबत, स्वतःचं नाव लिहिलं.

“ती खरंच बोलतेय,” ते म्हणाले. “त्या घरात एक माणूस आहे तसा.”

रेवती हसली नाही. तिनं बोळा टोपलीत टाकला, पेटी बंद केली आणि ती परत पिशवीत ठेवली. परत येईन, असं ती म्हणाली नाही. येणार नाही, असंही म्हणाली नाही.

“माठाची भाजी केलीय,” ती म्हणाली. “खाणार?”

अण्णा पाटावर बसले. तिनं वाढलं तेवढं सगळं त्यांनी खाल्लं आणि मग आणखी मागितलं.